पाळीत गाडलेली ट्रॉली

मी एक जुना मिनी ट्रॅक्टर आहे, मित्रांनो, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. माझा निळा रंग उडाला आहे. एक दिवा फुटला आहे. मोठ्या ट्रॅक्टरशेजारी उभा राहिलो तर मी त्याचं वासरू दिसतो. खुशाल दिसू द्या. वासरालाही शिंगं फुटतात.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथून मी अर्जुनी मोरगावला आलो आणि बकाराम नावाच्या कोहळी समाजाच्या शेतकऱ्यानं मला आपल्या गावी नेलं. कोहळ्यांच्या पूर्वजांनी या भागात गावोगावी तलाव बांधले. आमच्या गावचा तलावही त्यांचाच. सगळं धान त्याच्याच पाण्यावर पिकतं.

पावसाळ्यात मी चिखलणी करायचो, पण माझं नाव झालं ते लाकडं ओढण्यात. बकारामनं मला दोन चाकांची छोटी ट्रॉली जोडली. धुऱ्यावरची, म्हणजे शेताच्या बांधावरची, वठलेली झाडं, वादळानं पाडलेल्या बाभळी, छपराचे वासे, कुणाच्या सरणाची लाकडं, सगळं आम्ही दोघं वाहत होतो. मोठे ट्रॅक्टर जिथं वळूच शकत नसत, तिथून मी ओंडके घेऊन डौलात बाहेर पडायचो. "साखळी आवळल्याबिगर चाक हलवायचं नाही," ही बकारामची शिस्त.

पुढं बकारामचे गुडघे गेले. क्लच दाबता येईना. तेव्हा त्याची बायको जमुनाबाई पदर खोचून माझ्या सीटवर चढली. तिचा दीर चंद्रकुमार पारावरून ओरडला, "वयनी, हे बाईचं काम नाही! उतरा खाली!"

"भाऊजी, तुमाले तरी चालवता येते का?" तिनं विचारलं आणि मला गिअरमध्ये टाकलं. पारावरची माणसं हसली. चंद्रकुमार हसला नाही. त्या दिवसापासून मी जमुनाबाईचा झालो.

मागल्या साली पोळा झाला आणि पावसानं ठाण मांडलं. तलाव तुडुंब भरला. एका सकाळी तलावाच्या पाळीवरचं, म्हणजे मातीच्या बांधावरचं, जांभळाचं जुनं झाड मुळांसकट उन्मळलं आणि पाळीची मातीही उपटून घेऊन गेलं. त्या खळग्यातून आधी पाणी पाझरलं, मग धार लागली, मग ओहोळच सुटला. पाळीखाली पोटरीवर आलेलं धान होतं आणि त्यापलीकडे घरांची ओळ.

गाव धावलं. लोक मातीच्या बोऱ्या टाकत होते आणि पाणी त्या चेंडूसारख्या उडवून लावत होतं. बकाराम काठी टेकत आला. म्हणाला, "बोऱ्या अशा नाही थांबत. आंधी लाकडाचा आडोसा पायजे."

शाळेमागं वादळात पडलेल्या झाडांचे ओंडके रचून ठेवले होते. ते आणायचे कसे? एक मोठा ट्रॅक्टर पाळीवर चढला, तशी पाळीची कडा खचू लागली. त्यानं निमूट माघार घेतली. तेव्हा जमुनाबाईनं मला चालू केलं.

चंद्रकुमार आडवा आला. "वयनी, पाळ फसली तं तुमी बी जासान! काऊन जीव देऊन राहिल्या?"

"जीव द्याले नाही जाऊन राहिली. पाणी थांबवाले जाऊन राहिली. सरका!"

आम्ही ओंडके आणत गेलो. मी उलटा चालत खळग्यापर्यंत जायचो, लोक सब्बलीनं, म्हणजे लोखंडी पहारीनं, ओंडके आत ढकलायचे. पाणी थोडं थबकायचं आणि पुन्हा वाट शोधायचं. शेवटच्या खेपेला सगळ्यांत जाड बुंधे भरले. मी खळग्याशी पोचलो आणि ट्रॉलीच्या चाकाखालची मातीच निसटली. ट्रॉली कलंडली. ती मला मागं ओढू लागली. माझी पुढची चाकं जमिनीवरून उचलली गेली.

"उतर जमुना, उडी मार!" बकाराम ओरडला.

ती उतरली नाही. तिनं ब्रेकवर उभं राहून सगळा भार दिला. तिनं पाय काढला असता तर मी गेलोच असतो. "पिन काढा!" ती ओरडली. पण ट्रॉलीच्या ओढीनं हुकातली पिन घट्ट रुतली होती. हातानं निघेना. तेवढ्यात कुणीतरी चिखलातून धावत आलं. चंद्रकुमारच तो. त्यानं सब्बलीचे घाव घातले. माझा हुक वाकला, पिन उडाली आणि माझी पुढची चाकं धाडकन खाली आली.

ट्रॉली ओंडक्यांसकट घसरली आणि खळग्यात आडवी फसली. पाण्याचा आवाजच बदलला. आता टाकलेल्या बोऱ्या जागेवर बसू लागल्या. सांजेपर्यंत खळगा बुजला. चंद्रकुमार चिखलातच फतकल मारून बसला.

"सब्बल कुठं गेली, भाऊजी?" जमुनाबाईनं विचारलं.

"पाण्यात गेली."

"मायी होती. नवी आणून द्या."

मग दोघंही हसले.

दुसऱ्या दिवशी मला हार घातला, माझे फोटो काढले. "जमुनाबाईले गावाकडून नवी ट्रॉली देऊ," असं सगळ्यांसमोर ठरलं. हार सुकला आणि ठरलेलंही सुकलं. वाकलेल्या हुकाचा मी चिंचेखाली उभा. जे धान मी वाचवलं, ते दुसऱ्यांच्या ट्रॉल्यांतून माझ्यासमोरून घरी गेलं. माझ्या सीटवर कोंबडी अंडी घालून गेली. मित्रांनो, मला रडू आलं नाही. मला राग आला.

उन्हाळ्यात तलाव आटला, तेव्हा पाळीच्या मातीतून ट्रॉलीचा कोपरा दिसू लागला. लोक म्हणाले, हीच खोदून काढू, ठोकूनठाकून जमुनाबाईला देऊ. कुदळी घेऊन निघालेसुद्धा. जमुनाबाई पाळीवर उभी राहिली.

"हात नोका लावू! पाळ उकरता का आता? ती तलावाची झाली. मले नवी देतो म्हणले होते ना? मंग नवीच द्या. अन् यानं तुमचं धान वाचवलं, त्याले कोंबड्याइचा खुराडा कायले केला?"

तिच्या शेजारी सगळ्यांत आधी चंद्रकुमार जाऊन उभा राहिला.

आता माझा हुक सरळ आहे आणि मागं गावानं दिलेली नवी ट्रॉली आहे. मित्रांनो, आमच्यासारख्यांना हार घालू नका. वेळेवर ऑइल बदला, ग्रीस द्या, पावसात ताडपत्री टाका. एवढं करा, आणि मग सांगा, कुठला ओंडका कुणाला हलत नाही ते!