चंद्याची नखे

जर्मनच्या लढाईची साले. दोंडाईच्याच्या बैलबाजारात त्या दिवशी बैलांचे दात कोणी बघेना. सगळी गर्दी झिपरूबाबाच्या राहुटीपुढे. हिलालचे कुत्रे, चंद्या, मागचे पाय फरफटत चालायचे. बाबाने ते आत नेले, पडदा पाडला, डफ कडाडला आणि चंद्या चारी पायांवर उड्या मारत बाहेर आला!

"कमरमा डाकीन बसेल व्हती!" बाबा गरजला. "धुनीना एक चटका दिधा, पयी गयी!"

हिलालने बाबाच्या पायांवर डोके ठेवले. त्याची बायको ताईबाई मात्र जागची हलली नाही. चंद्या वर्षाचाही नव्हता. ढोरांच्या डॉक्टरने त्याची पाठ चाचपून सांगितले होते, "मज्जातंतूंचा रोग वाटतो. खात्रीचं औषध नाही. पण जपलंत तर जगेल." तेव्हापासून ती लुगड्याची झोळी त्याच्या पोटाखाली घालून, कंबर उचलून त्याला अंगणात फिरवी. हिलालला ते बघवेना. बाबाकडे आणण्याचा हट्ट त्याचाच.

तिने हाक मारली. कुत्र्याने ढुंकूनही पाहिले नाही. तिने त्याचा मागचा पंजा उचलला.

"हाऊ मना चंद्या नही शे!"

"चूप बैस," हिलाल पुटपुटला.

"फरफटी फरफटी चंद्याना नखे घसाई जायेल शेतस. याना देखा, धारदार! डाकीन गयी ते नखे घडीभरमा वाढी गयात का?"

"पापिणी!" बाबा ओरडला. तोवर तिने पडदा बाजूला ओढला होता.

आत एक पोते. त्यात चंद्या, तोंड सुतळीने आवळलेला. अंग अजून ऊन होते, श्वास नव्हता. डफ कशासाठी वाजत होता ते आता कळले. चार थपडा बसताच डफ वाजवणारा बाबाचा चेला बोलला: हिलाल आधी विचारून गेला तेव्हाच, चंद्या ज्या धनगराकडचा त्याच्याकडून, त्याच वेतातला, कपाळावर तसाच चांद असलेला भाऊ त्यांनी आधीच आणून ठेवला होता. या गोंधळात बाबा मागच्या बाजूने निसटला.

रांगेत लताबाई उभी होती. कडेवर लुळ्या पायांची मुलगी.

"तुनं कुत्रं मरनं," ती ताईबाईवर चवताळली, "मनी पोरनी आस कसाले मारी तू?"

ताईबाई सुतळी सोडवत होती.

"मीबी आस धरीसनच आनं व्हतं याले. डॉक्टर म्हने, बरा व्हवाव नही, पन जगी. आम्हले ते पुरं पडनं नही. बाई, पोरले डॉक्टरकडे ली जाय. जो पडदा पाडीसन बरं करस, त्याले पहिले इचार, पडदा कसाले?"

लताबाईने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतले आणि शेजारच्याला विचारले, "बाबा कोठे गया?"