लाल दिवा आणि तांब्याभर पाणी

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पण देवापुढचा नाही आणि दिवाळीतलाही नाही. रेणापूरच्या लिंबाजीच्या पेट्रोलवरच्या जीपमध्ये, स्टिअरिंगच्या मागे, हरभऱ्याएवढी लाल काच होती ना, तोच मी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. मी पहिल्यांदा लागलो तो थेट जीपमध्येच. आणि माझं काम ऐकाल तर हसाल. चावी फिरवली की लागायचं, इंजिन सुरू झालं की विझायचं. बस. इंजिनाच्या तोंडाशी एक रबरी पट्टा असतो. तो डायनमोला फिरवतो आणि डायनमो बॅटरी भरतो. हे सगळं नीट चाललं तर मी विझलेला, बिघडलं तर मी पेटलेला. बाकीच्या दिव्यांचं कौतुक ते लागल्यावर होतं, माझं मी विझल्यावर. "विझला, चला," एवढंच लिंबाजी म्हणायचा. मला तेवढं पुरायचं.

लातूर नवा जिल्हा झाला आणि आमची जीप रिकामी राहीना. पूर्वी कागदावर सही हवी तर लोक उस्मानाबादला जायचे. आता ऑफिसं लातूरला आली होती. कुणाचा दाखला, कुणाची बदली, कुणाचा नकाशा. सगळे माझ्यासमोर दाटीवाटीनं बसायचे आणि मी विझून त्यांचं बोलणं ऐकायचो.

मग पाऊस गेला. एक वर्ष आला नाही, दुसऱ्या वर्षीही फिरकला नाही. लोकांच्या बोलण्यात एकच शब्द उरला, पाणी. विहिरीला पाणी नाही, म्हशीला पाणी नाही, टँकर आला नाही. हळूहळू बोलणंही कमी झालं. माणसं जीपमध्ये बसायची, बाहेर बघायची आणि उतरायची. मीही तसाच झालो. लागायचो, विझायचो. काही वाटायचं नाही.

एके सकाळी इंजिन सुरू झालं, पण मी विझलो नाही.

लिंबाजीनं मला बोटानं टिचक्या मारल्या. शेजारी उदगीरच्या बाजारात धान्याची दलाली करणारे व्यंकटीबाप्पा बसले होते. ते म्हणाले, "त्यात बघायचं काय? बॅटरीला पाणी न्हाई. माणसाला न्हाई, तर तिला कुठून ऱ्हाईल?"

"हाव, तेच आसंल," लिंबाजी म्हणाला.

मित्रांनो, एरवी लिंबाजीनं आधी पट्टा दाबून बघितला असता. त्याला ते येत होतं. पण त्या वर्षी कुणाचंही काही बिघडलं की सगळ्यांना तहानच दिसायची.

जीप सुमनबाईंच्या दारात उभी होती. त्या बौद्ध वस्तीत राहायच्या, मजुरीला जायच्या. त्यांची मुलगी पंचफुला मॅट्रिक झाली होती आणि चार दिवसांनी लातूरला तिची नर्सच्या ट्रेनिंगसाठी मुलाखत होती. जीप चालू राहायला हवी हे सुमनबाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी घरातून तांब्याभर पाणी आणलं.

"घ्या लिंबाजीभाऊ. गाळून ठेवलेलं हाय."

"आवं, तुमाला प्यायला?"

"हिला पाजा आधी."

ते पाणी बॅटरीत गेलं. मी तसाच लाल.

"पिऊन बी डोळे लालच हायेत हिचे," व्यंकटीबाप्पा म्हणाले. लिंबाजी चिडला. त्यानं पंक्चरच्या डब्यातून ट्यूबचा गोल तुकडा काढला, त्याला सोल्युशन लावलं आणि माझ्यावर चिकटवला. "बसणारे इचारतेत, काय झालं, काय झालं. ऱ्हाऊ दे झाकून."

मला राग आला नाही. अंधार झाला, इतकंच. आत मी जळतच होतो.

मुलाखतीच्या दिवशी जीप ढकलून सुरू करावी लागली. हॉर्न घसा बसल्यासारखा वाजत होता. अर्ध्या वाटेत इंजिननं दोनदा ठसका दिला आणि ते बंद पडलं. पुन्हा ढकलून पाहिलं. नाही म्हणजे नाही.

"मामा, किती येळ लागंल?" पंचफुलानं विचारलं.

लिंबाजी बॉनेट उघडून उभा होता. त्यानं पट्टा अंगठ्यानं दाबून बघितला. मग म्हणाला, "पट्टा सैल हाय. बाजेच्या नवारीवानी लोंबायलाय."

पट्टा ताणता आला असता. पण बॅटरीत जीवच उरला नव्हता, आता ताणून काय होणार? बऱ्याच वेळानं लातूरकडे परतणारा एक रिकामा टँकर आला. मायलेकी त्यात बसून गेल्या.

दुपारी एका ट्रॅक्टरनं आम्हाला ओढत लातूरला, रेणापूरच्या रस्त्यावरच्या विरूपाक्ष मिस्त्रीच्या गॅरेजात आणलं. त्यानं तो तुकडा नखानं सोलला आणि विचारलं, "दिवा कुणी झाकला?" मग त्यानं बॅटरीची झाकणं उघडली. "आणि ह्यात प्यायचं पाणी कुणी घातलं? हिला दुकानातलं साफ पाणी लागतं. ह्या पाण्यानं बॅटरी बी खराब झाली की."

तेवढ्यात सुमनबाई आणि पंचफुला चालत गॅरेजच्या दारात आल्या.

"नावं पुकारून झाली व्हती," पंचफुला म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. रडली असती तर बरं झालं असतं.

सुमनबाई मात्र बॅटरीकडे बघत होत्या. "म्हंजे हिला तहान नव्हती?"

"न्हाई मावशी," विरूपाक्ष म्हणाला. "पट्टा सैल व्हता. दिवा तेच सांगत व्हता."

"तांब्या दिला त्या दिवशी माझं लेकरू तहानलेलंच झोपलं व्हतं," सुमनबाई म्हणाल्या आणि जमिनीवर बसल्या. पंचफुलानं रबराचा तो तुकडा उचलला आणि पदराच्या टोकात बांधला.

पुढच्या वर्षी पुन्हा जागा निघाल्या. पंचफुला जीपजवळ आली, पण आत बसली नाही. "मामा, चावी फिरवा." मी लागलो. "आता चालू करा." मी विझलो. तिनं स्वतः वाकून पट्ट्यावर अंगठा दाबला. "विझला. चला," ती म्हणाली. त्या दिवशी ती वेळेवर पोचली आणि निवडीच्या यादीत तिचं नाव लागलं.

आता जीप भंगारात गेली आहे. मी विरूपाक्षच्या गॅरेजात खिळ्यांच्या डब्यात पडलो आहे. मला फार काही नको, मित्रांनो. कुणी लाल झालेलं दिसलं, गाडीतलं असो की घरातलं, तर आपल्या मनातलं दुखणं त्याला चिकटवू नका. त्याला काय झालंय ते आधी विचारा. आणि विचारायला वेळ नसेल, तर निदान झाकू तरी नका. झाकलं म्हणून मी विझलो नव्हतो.