आयर्नचं काळं टोक

"तुझ्या बापावर जरा लक्ष ठेव," आत्या फोनवर म्हणाली होती. "मी गेले तर खोलीभर जळका वास, आणि हा आपला खुशाल पेपर वाचत बसलेला."

तिने ते हसण्यावारी नेलं. बाबांच्या खोलीतून जळका वास आला नाही, तर काळजी करायची. जन्मभर रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या घरात दुसरा कसला वास येणार? शिवाय आत्याला राईचा पर्वत करायची सवय.

खरं तर ती स्वतःच काळजीचं मशीन होती. कुलूप लावल्यावर ते पुन्हा ओढून बघायची, अर्ध्या जिन्यातून गॅस बघायला परत यायची. पण बाबांच्या बाबतीत निर्धास्त. रोज सकाळी लेकीला त्यांच्याकडे सोडून ती ऑफिसला जायची. अजून नीट बुटाचे पट्टेही लावता न येणाऱ्या नातीला बाबा 'साहेब' म्हणत. "साहेब आल्या की आमचं काम सुरू, साहेबांनी सांगितलं की बंद," असं ते कौतुकाने सांगायचे आणि तीही हसायची.

एकदा सुट्टीच्या दिवशी ती नवऱ्याच्या गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन लेकीसह बाबांकडे गेली. वायर खोचली की तो खरखरायचा. ती एका बाजूला दाबून धरली तरच आवाज यायचा. बाबांनी वायर खोचायच्या जॅकला नुसतं बोट लावलं आणि जावयाचा उद्धार सुरू केला. नट सैल झाल्यावर घट्ट करायला काय धाड भरली होती? जॅक हलत राहिला, आणि प्रत्येक हिसका आतल्या सांध्याला बसला. त्यांनी मागचं पॅनेल उघडून भिंग तिच्या हातात दिलं. जॅकच्या पायाभोवती सोल्डरला, म्हणजे कथलाच्या डागाला, केसासारखी गोल चीर गेली होती.

बाबांनी डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न तापवलं, तेव्हा तिचं लक्ष टोकाकडे गेलं. ते काळंठिक्कर होतं, खड्डे पडलेलं. सोल्डर लावलं तर त्याचा गोळा होऊन खाली घरंगळला.

ती या टेबलाखाली रांगत मोठी झाली होती. टोक ओल्या स्पंजवर पुसायचं, त्याला ताजं सोल्डर चढवायचं आणि मगच बटण बंद करायचं, हे तिला अक्षरांच्या आधी शिकवलेलं. टोक असं करपतं ते एकाच कारणाने. आयर्न तासन् तास तसंच तापत राहिलं तर.

"हल्ली टोकं भिकार येतात," बाबा म्हणाले. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत तसलीच काळी टोकं मूठभर पडली होती. नवं टोक शोधून त्यांनी ते बसवलं.

हात मात्र तेच होते. जुनं सोल्डर त्यांनी अलगद ओढून घेतलं, जॅक सरळ बसवला, आधी नट आवळला आणि मग पायांना सोल्डर दिलं. सांधा आरशासारखा चमकला. तिने वायर खोचून हलवून पाहिली. खरखर गेली होती. तिचा जीव भांड्यात पडला. बाबांनी टोक पुसलं, त्यावर सोल्डर चढवलं, आयर्न स्टँडमध्ये ठेवलं आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले.

भिंतीवरच्या बोर्डाचा लाल दिवा चालूच होता.

येतील परत, म्हणून ती थांबली. आतून कपांचा आवाज आला, बाबांची शीळ आली. बाबा आले नाहीत. इकडे लेक कोपऱ्यातलं स्टूल फरफटत घेऊन आली, त्यावर चढली, टेबलावर पोट टेकवलं आणि तापलेल्या आयर्नवरून हात लांब करून बोर्डाकडे सरकली. तिने झडप घालून पोरीला उचललं.

"मी करते ना बंद," लेक कुरकुरली. "आजोबा विसरतात. आईला नाही सांगायचं."

तिने पोरीची बाही वर केली. मनगटाच्या आतल्या बाजूला मागे एकदा दिसलेली ती फिकट रेघ होती. खेळताना खरचटलं असेल, असं बाबा म्हणाले होते.

बाबा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असावं. ते तिच्याकडे बघेनात.

"वय झालं की होतं गं एवढं तेवढं," ते म्हणाले. "आत्याला कळवू नकोस."

तिने कळवलं नाही. आयर्नही उचलून आणलं नाही. ते नेणं म्हणजे त्यांचे हातच काढून नेण्यासारखं होतं. तिने फक्त लेकीला पाळणाघरात घातलं. पोर सुरक्षित झाली, तिला हलकं वाटलं. ऑफिसात जेवणाचा डबा उघडताना मात्र तिच्या लक्षात आलं. तो लाल दिवा रोज बंद करणारं एकच माणूस त्या घरात होतं, आणि तिने तेच तिथून काढून घेतलं होतं.

तिने बाबांना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. ती तशीच निघाली. जिन्यातच तो वास आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आयर्न स्टँडमधून घसरलं होतं, त्याच्याखाली टेबलाचं लाकूड काळं पडत होतं आणि धुराची बारीक रेघ वर चढत होती. बाबा समोरच खुर्चीत बसले होते, हात मांडीवर ठेवून, दाराकडे बघत.

"साहेब कुठायत?" त्यांनी विचारलं. "दिवा बंद करायचा राहिलाय."

तिने बटण बंद केलं आणि टेबलावर पाणी ओतलं. आता ते आयर्न तिच्या कपाटात आहे आणि बाबा तिच्याच घरी आतल्या खोलीत राहतात. रोज सकाळी ते विचारतात, माझं आयर्न कुणी नेलं.

तुमच्याही ओळखीत असं कुणी एकटं राहत असेल. हातात हुन्नर असलेलं, अजून कामाला चोख. आज त्यांच्याकडे एक चक्कर मारा. कसे आहात म्हणून विचारू नका, ते 'छान आहे' असंच सांगतील. त्यांचा ड्रॉवर उघडा, हत्यारं बघा. आणि घरात लहान मूल येत-जात असेल, तर त्याच्या मनगटाची आतली बाजूही बघा.