ओढ्याच्या वाटेवर आडवी

मित्रांनो, लष्कराच्या लिलावातून सुटलेली मी एक म्हातारी जीप. जत तालुक्यातल्या अर्जुनाने मला घेतले. त्याचे घराणे मेंढपाळांचे. पेंडीची पोती, पाण्याची पिंपे, आजारी मेंढ्या, सगळे मी वाहिले. लग्नसराईत मला झेंडूच्या माळा घालत, पण माझ्या पोटाखाली कुणी वाकून बघितले नाही. तिथे माझी चासी, म्हणजे सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, चिखलाआड गंजत होती.

पुढे भाऊसो नावाचा माणूस ओढ्यातली वाळू डंपरने चोरून नेऊ लागला. वाळू गेली तशा विहिरी आटल्या. तेव्हा अर्जुनाने मला ओढ्याच्या वाटेवर आडवे लावले आणि तो आतच बसून राहिला. भाऊसोने डंपर थांबवला नाही. त्या धडकेने माझी चासी मधोमध दुमडली. अर्जुनाचा पाय माझ्याच पत्र्यात चिरडला. तो ओरडत होता आणि माझे लोखंड करकरत होते.

लोक म्हणाले, भंगारात घाला. अर्जुनाच्या बायकोने, मंगलने, ऐकले नाही. तिने मला कुपवाडला ओढून नेले. तिथल्या गुंडा मिस्त्रीने मला साखळ्यांनी ताणले, गॅसने लाल केले, घणाने ठोकून सरळ केले. गंजलेला भाग कापून टाकला. चासीच्या दांड्या एका बाजूने उघड्या होत्या. पुन्हा दुमडू नयेत म्हणून त्यांवर जाड पट्ट्या वेल्ड करून त्या बंद केल्या. फार भाजले, मित्रांनो.

एव्हाना अटक झालेला भाऊसो जामिनावर सुटला होता आणि डंपर पुन्हा ओढ्यात उतरला होता. एका सकाळी भरलेला डंपर वर चढत असताना मंगलने मला त्याच वाटेवर लावले. सासू दगडाबाई खाली उतर म्हणून विनवत राहिली. मंगल उतरली नाही.

धडक बसली. काचांनी मंगलचे कपाळ फाटले. माझा रेडिएटर फुटला, डंपरने मला फरफटत नेले, पण माझा सांगाडा दुमडला नाही. रेटता रेटता डंपरचेच चाक वाटेच्या कडेवरून घसरले आणि तो आडवा झाला. भाऊसो चेपलेल्या केबिनमध्ये अडकला. डिझेल गळू लागले.

लोक काठ्या-कुऱ्हाडी घेऊन धावले. मुलाचा पाय आठवून दगडाबाईनेही धोंडा उचलला. रक्ताने माखलेली मंगल मधे उभी राहिली.

"आत्या, टाका त्यो धोंडा. साखळी आणा."

"साखळी कशाला?"

"दार वडायचं हाय. माणूस हाय त्यो आत."

दगडाबाईने धोंडा टाकला आणि साखळी आणली. साखळीचे एक टोक केबिनच्या दाराला, दुसरे माझ्या चासीला. पाण्यावाचून माझे इंजिन जळत होते, तरी मी ओढले. दार उपटून आले. भाऊसो जिवंत बाहेर निघाला. नंतर पोलीस त्याला घेऊन गेले.

माझे इंजिन मात्र त्यानंतर सुरू झाले नाही. मी आता अंगणात उभी असते. गाडी पुसून चमकवणारे पुष्कळ असतात, मित्रांनो. तुम्ही कधीतरी गुडघे टेकून तिच्या खालीही बघा. आपला जीव ज्याच्यावर टेकलेला असतो, ते वरून दिसत नाही.