आत्तापुरतं गरीब

"अरे लाऊरो, तू होतास ना तिथं? सांग ह्याला, मी काय म्हणालो होतो!"

अदाल्तोनं मला असं आपल्या भर अंगणात मध्ये ओढलं. समोर जेझुईनो उभा. एका हातात काठी, दुसऱ्या हातात खेचराचा दोर. गुडघ्याला फडकं गुंडाळलेलं, आतला गुडघा भोपळ्याएवढा.

मी नालबंद. सौदा झाला तो माझ्याच छपरीत. जेझुईनो डोंगरावरच्या घरांतलं दूध खेचरावर लादून खाली डेअरीत पोचवायचा. त्यावरच घर चालायचं. जुनं खेचर मेलं, तेव्हा अदाल्तो आपणहून म्हणाला, "कोंपाद्रे, माझं घेऊन जा. बदल्यात तुझी गाय दे." जेझुईनोच्या पोरीचा हा बाप्तिस्म्यातला धर्मबाप. म्हणून कोंपाद्रे. आमच्याकडं हे नातं सख्ख्या भावाच्या वर.

जेझुईनोनं एकच विचारलं, "गरीब आहे ना रे? उतारावरनं दूध न्यायचंय."

"गरीब आहे की!"

आता आमच्या भाषेत 'आहे' दोन आहेत. 'ए' म्हणजे जन्माचं, हाडात मुरलेलं. 'ता' म्हणजे आत्तापुरतं. बायकोला 'ए' लावून देखणी म्हणा, कॉफी मिळते. 'ता' लावून म्हणा, ती विचारते, "का, काल नव्हते?"

अदाल्तो 'ता' म्हणाला होता. मीही ऐकलं. पण कोंपाद्रेच्या तोंडचा शब्द कोण उलटासुलटा करून बघतो? शिवाय मी नाल ठोकत होतो तेव्हा ते खेचर देवळातल्या मूर्तीसारखं उभं. अदाल्तोनं आधी आठवडाभर त्याच्याकडनं दगड वाहून घेतले होते, हे मागाहून कळलं. अंगातला शीण उतरला, आणि त्यानं जेझुईनोला कॅनसकट ओढ्यात फेकलं.

"सांग ना!" अदाल्तो माझ्यावर खेकसला.

"'ता' म्हणालास," मी म्हणालो. खोटं कसं बोलू?

"ऐकलंस, कोंपाद्रे? 'ए' म्हणालो का मी? नाही ना? मग फसवलं कुठं? तू कान उघडे ठेवायचेस!"

"हरामखोरा," माझ्यानं राहवेना, "तो काय कोर्टात उभा होता? घरच्या माणसाला विचारत होता तो!"

"तू आपले नाल ठोक."

मला वाटलं, जेझुईनो आता गाय परत मागेल. ती तिथंच खुंट्याला बांधलेली. मागितली असती तर मी स्वतः सोडून दिली असती, बघू कोण अडवतं ते. पण तो अदाल्तोच्या तोंडाकडं बघत राहिला. बाजारात एखादा चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव आठवत नाही, तसं.

मग त्यानं टोपी नीट केली.

"गाईचं एक सांगायचं राहिलं होतं," तो म्हणाला. "उजवीकडनं धार काढायला बसलं की लाथ मारते. डावीकडनं बसत चला, सेन्योर अदाल्तो."

अहो-जाहो. सेन्योर.

जेझुईनो दोर धरून, लंगडत, उतार उतरायला लागला. तो वळणाआड गेला तेव्हा गाय हंबरली. तो थांबला नाही.