दोन कोर्टांत एक वकील

देवश्रीला कोणाला नाही म्हणता येत नाही आणि त्याचा त्रास मला होतो. एकाच दिवशी दोन कोर्टांत दोन साक्षी लावून घेतल्या, तर वकिलाच्या कारकुनाने उभं राहायचं कुठे? तिचे वडील, यज्ञेश्वर वकील, दिवसाला एकच साक्ष घेत. संगमनेरच्या त्यांच्या ऑफिसात मी टायपिस्ट म्हणून लागले, तेव्हा देवश्री टेबलाखाली बसून कार्बन पेपरने बोटं काळी करायची. साहेबांबरोबर कोर्टात येऊन मागच्या बाकावर चिक्की खात बसायची. आता साहेब नाहीत, ती वकील झाली, आणि मी अजून तिथेच, आता कारकून म्हणून.

परवा वरच्या मजल्यावर आमचे अशील काकासाहेब यांच्या दाव्यात ती समोरच्या बाजूच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेत होती. त्याच वेळी खाली आमच्याच दुसऱ्या अशील आक्काबाईंचा दावा होता. त्यांच्या उसाकडे जाणारी गाडीवाट दिराने नांगरून टाकली होती. ती वाट पूर्वीपासून होती, हे सांगणारा एकच माणूस उरलेला, म्हातारा गोरक्षनाथ. त्याच वाटेने त्याने उमेदीत बैलगाडी हाकलेली. दुसऱ्या दिवशी त्याला हृदयाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला न्यायचं होतं. त्यामुळे साक्ष त्याच दिवशी व्हायला हवी होती.

पुकारा झाला. मी हात जोडून म्हटलं, "मॅडम वरच्या कोर्टात आहेत, थोडा वेळ द्यावा."

दिला. पुन्हा पुकारा झाला, मी पुन्हा तेच म्हटलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या वेळी मॅडम नसतील, तर पुरावा बंद करीन." म्हणजे गोरक्षनाथची साक्षच गेली.

व्हरांड्यात येऊन देवश्रीला मेसेज केला. उत्तर आलं, 'मुदत अर्ज दे. सही करून ठेवलाय.' टेबलाखालून टाइप केलं असणार.

"काय म्हनत्यात वकीलबाई?" आक्काबाईंनी विचारलं.

"पुढची तारीख घे म्हणतेय."

"पुढची? अवो, म्हाताऱ्याला उद्या कापायचंय! पुढच्या तारखेला काय त्याचा फोटो उभा करू?"

बाकावर बसलेला गोरक्षनाथ म्हणाला, "फोटोला कुनी उलटसुलट इचारनार न्हाई. बरंच हाय."

मला हसू आलं नाही. अर्ज पिशवीतच ठेवला आणि कठड्याला धरत जिना चढले. गुडघे प्रत्येक पायरीला देवश्रीचं नाव घेत होते.

वर ती अगदी रंगात आली होती. साक्षीदार घाम पुसत होता. हाक मारायची सोय नव्हती, म्हणून मी मागे जाऊन तिचा गाऊन ओढला.

देवश्री वाक्याच्या मध्येच थांबली. मागे न बघता न्यायाधीशांना म्हणाली, "आणखी प्रश्न नाहीत." आणि बसली.

समोरच्या वकिलाला ते खरंच वाटेना. साक्षीदाराने तर हातच जोडले. मी मात्र तिला घेऊन खाली पळाले.

आम्ही दारात पोचलो आणि पुकारा झाला. दिराचा वकील उठला आणि त्यानेच मुदत मागितली. त्यावर देवश्री अशी काही उसळली! "आजारी माणूस दारात आणून बसवलाय, आणि यांना मुदत हवी? ही काय पद्धत झाली?" माझ्या पिशवीत तिच्या सहीचा मुदत अर्ज तसाच होता. मी पिशवीची चेन लावली.

मुदत मिळाली नाही. गोरक्षनाथ पिंजऱ्यात उभा राहिला.

"या वयात तुम्हाला नीट दिसतं का?" दिराच्या वकिलाने विचारलं.

"तुमी दिसताय की. वाट तर तुमच्यापरीस रुंद हुती."

शेवटपर्यंत तो हलला नाही. जबाबावर त्याने सही केली, आणि आक्काबाईंनी त्याला हाताला धरून बाहेर टेम्पोत नेऊन बसवलं. जाताना त्यांनी माझा दंड दाबला.

मग देवश्री माझ्याकडे वळली. "मावशी, माझं काय चुकत होतं म्हणून गाऊन ओढलास?"

"चुकत कुठे होतं? खाली चल, एवढंच."

"एवढंच? बाबा बोलण्यात वाहवले की तू गाऊन ओढायचीस आणि ते बसायचे! मी हेच बघत मोठी झाले. मला वाटलं, मी काहीतरी भलतंच विचारतेय!"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साहेबांनीच शिकवलेली खूण ती. पुरे, आता बसा.

"अगं, पण तू थोडा वेळ मागायचा होतास."

"गाऊन ओढल्यावर? तो माणूस कबूल करायच्या बेतात होता, मावशी!"

"मग दोन साक्षी घेऊ नयेत एका दिवशी!"

तेवढ्यात काकासाहेब जिना उतरून आले. "वकीलबाई, गडी आता बोलनार हुता. तुमी बसला का?"

मी तोंड उघडणार, तोच देवश्री म्हणाली, "माझा अंदाज चुकला, काकासाहेब. साक्षीदार परत बोलवायचा अर्ज देते. मावशी, टाइप कर."

ऑफिसात काकासाहेब समोर खुर्ची ओढून बसले. देवश्री माझ्या मागे उभी राहून ओळीओळीत चुका काढू लागली.

"कारण काय लिहू?" मी विचारलं.

"महत्त्वाचे प्रश्न राहून गेले, असं लिही."

"साहेब असते तर—"

"बाबा असते तर त्यांनी तुला केव्हाच घरी बसवलं असतं."

"आधी तुला नाही म्हणायला शिकवलं असतं."

"अहो, अर्जाचं बघा की आधी!" काकासाहेब ओरडले.

अर्ज झाला. तिने सही केली. मी म्हटलं, "उद्या तरी एकच साक्ष ठेव."

"उद्या तीन आहेत," ती म्हणाली. "लवकर ये."