मातीसकट वांगी

शनिवारची संध्याकाळ झाली की बोडीवर यादोराव आणि धुरपताबाईचं भांडण व्हायचंच. बोडी म्हणजे आमच्याकडचं शेतातलं लहानसं तळं. त्यांची स्वतःची होती. गुडघाभर पाण्यात लुगडं खोचून धुरपताबाई उभी, आणि काठावर दुपट्ट्यानं कान बांधून यादोराव.

"अवो, वांगं होय ते! त्याले का नवरदेव बनवून रायलीस?"

"नवरदेव तर तुमी हा. कागदावर नाव तुमचा, छत्री तुमची. मी का, मजुरीन. गुपचूप मुळे चोळा."

"माये हात सुन्न झाले."

"चावडीवर तोंड चालवता तवा नाई होत सुन्न?"

मी शेजारचा खुशाल. माझी बांधी, म्हणजे भातखाचर, त्यांच्या शेताच्या धुऱ्याला लागून, म्हणून हा तमाशा मला फुकटात पाहायला मिळायचा. मी चिन्नोर नावाचा सुवासिक तांदूळ विकतो. माझ्या चिन्नोरात चिन्नोर किती असतं, ते मात्र तुम्ही विचारू नका.

गोष्ट दोन हजार बाराच्या हिवाळ्यातली. गोंदियाच्या बंगलेवाल्या लोकांना त्या वर्षी एकदम साक्षात्कार झाला की भाजी शेतात पिकते. दुरून ट्रकमधून येणारी खायची नाही, जवळच्या शेतकऱ्याची खायची, असं त्यांनी ठरवलं. मग एक समिती झाली, समितीला एक साहेब मिळाले, आणि मैदानावर दर रविवारी शेतकरी बाजार सुरू झाला. वीस हिरव्या छत्र्या, प्रत्येकीला नंबर. नियम तीन. सातबारा दाखवायचा. ज्याच्या नावाचा सातबारा, त्यानं स्वतः छत्रीखाली बसायचं. आणि लागोपाठ तीन रविवार माल उरला तर छत्री काढून दुसऱ्याला द्यायची.

धुरपताबाईला ती छत्री जिवापाड हवी होती. वीस वर्षं ती आपली भाजी मुन्नालाल नावाच्या ठोक व्यापाऱ्याला देत आली होती. मुन्नालाल टोपलीकडे बघायचाच नाही. आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, "तीन रुपये." जणू भाव वरून कुणी सांगत होतं. तीच वांगी दुपारी त्याच्याच दुकानात पंधरा रुपयांनी जायची. हे धुरपताबाईनं वीस वर्षं डोळ्यांनी पाहिलं होतं.

सातबारा यादोरावच्या नावाचा. साहेबांनी विचारलं, "शेतकरी कोण?" तेव्हा यादोराव छाती काढून उभा राहिला. वांग्याच्या देठाला काटे असतात हे त्याला पहिल्या रविवारी टोपली उतरवताना कळलं.

त्यांची छत्री अकरा, माझी बारा. आणि दहा नंबरखाली कोण बसावं? मुन्नालाल! सफारी गेली, धोतर आलं, डोक्यावर पांढरी टोपी. त्याच्याकडेही सातबारा होता. कागदावर त्यात धान पिकत होतं, प्रत्यक्षात त्या जागेवर त्याचं गोडाऊन होतं. माल मंडीतला, रात्री ट्रकमधून उतरलेला. पण छत्रीच्या मागे त्यानं एक बादली ठेवली होती, चिखलाची. मुळा त्यात बुचकळून काढायचा, वांग्याला दोन बोटं फासायची, पालकाच्या मुळांवर थोडी शिंपडायची. पाच मिनिटांत मंडीचा माल शेतकरी होऊन जायचा.

एक चष्मेवाल्या मॅडम गाडीतून उतरून दहा नंबरपाशी आल्या.

"भैया, ये खेत का ही है ना?"

"सुबह पाँच बजे का तोडा है मैडम. देखो, मिट्टी भी नहीं सूखी!"

मॅडम खूश. पिशवी भरून त्या अकरा नंबरकडे वळल्या. धुरपताबाईची वांगी काल बोडीत धुतलेली, उन्हात चकचक करत होती.

"इतनी चमक? इस पर तो कुछ लगाया है," मॅडम म्हणाल्या. मग यादोरावला विचारलं, "खाद कौन सी डालते हो?"

यादोरावनं बायकोकडे पाहिलं. "इले विचारा."

"कमाल है! किसान को ही नहीं मालूम," म्हणत मॅडम पुढे गेल्या.

बारा वाजता छत्र्या मिटायची वेळ झाली तरी अर्धी टोपली तशीच. साहेबांनी वहीत पहिली फुली मारली. तेवढ्यात मुन्नालाल आला, आभाळाकडे पाहिलं आणि म्हणाला, "दो रुपये." परत नेऊन करायचं काय? बाईनं दिली. त्यानं तिच्या डोळ्यांदेखत ती वांगी चिखलात लोळवली आणि मॅडमच्या मागून आलेल्या त्यांच्या मैत्रिणीला वीस रुपयांनी विकली.

"बाई, ते मायेच वांगे होत!" धुरपताबाई ओरडली.

मैत्रीण मुन्नालालला हळूच म्हणाली, "जलते हैं लोग." मुन्नालालनं संतासारखी मान हलवली.

दुसऱ्या रविवारी तेच. माल उरला, साहेबांनी वहीत अकरा नंबरापुढे दुसरी फुली मारली आणि सांगून गेले, "आता एकच संधी, यादोरावजी." परतीच्या रेल्वेगाडीत मला राहवलं नाही.

"वयनी, तुमीबी थोडी माती लावून आना ना. का जाते आपला?"

ती एकदम उसळली. "लोकायच्या पोटात जाते ते! मायी सासू सांगे, विकाचा माल धुवूनच नेवाव, घेनाऱ्यानं आपल्या हाताकडे पायलं पायजे. वीस वर्स मी थंडीत उभी रायली ते का पागल होती मनून? माती फासून देऊ? लाज नाई वाटत तुमाले?"

मी माझ्या तांदळाच्या पोत्याकडे पाहिलं आणि ते बाकाखाली सरकवलं. खरं सांगतो, त्या दिवशी मला लाज वाटली. पुढच्या रविवारपर्यंत ती टिकली नाही, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या रविवारी पहाटे आमगाव स्टेशनकडे निघालो. यादोरावच्या सायकलला मागे दोन टोपल्या बांधलेल्या, धुरपताबाई आणि मी पायी. उन्हाळी धानासाठी रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या बांध्यांत चिखलणी झालेली. यादोरावनं आदल्या संध्याकाळी मुळे चोळून हात गारठले म्हणून आता हात खिशात घालून सायकल चालवायचा हट्ट धरला. वळणावर समोरून ट्रॅक्टर आला. हात खिशातून निघेपर्यंत सायकल, टोपल्या आणि सातबाराधारक शेतकरी तिन्ही बांधीत.

"मेलो रे!" यादोराव चिखलातून म्हणाला.

"मरा! पर वांगे वर काहाडून मरा!" धुरपताबाई लुगडं खोचून आत उतरली. एकेक वांगं शोधून वर फेकताना तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. धुवायला वेळ नव्हता. गाडीची शिटी ऐकू येत होती. काळ्या चिखलानं लडबडलेला माल तसाच भरला आणि पळत गाडी गाठली. डब्यात सगळा वेळ ती पदरानं वांगी पुसत बसली होती. पदर संपला, चिखल संपला नाही.

"गेली छत्री," एवढंच ती बोलली.

अकरा नंबरची छत्री उघडली. आधी चष्मेवाल्या मॅडम आल्या, मग त्यांची मैत्रीण, मग मैत्रिणीची वहिनी. यादोरावच्या कानातही चिखल वाळलेला होता. मॅडम त्याच्याकडे पाहून गहिवरल्या.

"आज लाए ना असली माल!"

नऊ वाजता टोपल्या रिकाम्या. एकीनं तर तळाशी उरलेला चिखलही कुंडीसाठी मागून नेला. साहेब आले, वही मिटून हसले आणि यादोरावचा हात हातात घेऊन म्हणाले, "याला म्हणतात शेतकरी."

परत येताना धुरपताबाई खिडकीतून बाहेर बघत होती. छत्री वाचली होती, पण तिचं तोंड कुणी मेल्यासारखं झालं होतं.

"खुशालभाऊ," ती म्हणाली, "वीस वर्स धुतली जी मी. कोनासाठी धुतली?"



पण ती बाई काही रडत बसणाऱ्यातली नव्हती. चौथ्या रविवारी तिनं छत्रीखाली दोन टोपल्या मांडल्या. एकीत धुतलेली वांगी, दुसरीत बोडीच्या काळ्या मातीत लोळवलेली. पाटी लिहायला मला लावलं: धुतलेली दहा रुपये, मातीसकट वीस रुपये. विचारणाऱ्याला सरळ सांगायची, "वांगा एकच होय बाई. माती मी वरून लावली." बाया हसायच्या. किती प्रामाणिक आहे म्हणायच्या, आणि मातीसकटच घ्यायच्या. बारा वाजेपर्यंत धुतलेली वांगी एका म्हाताऱ्या मास्तरानं तेवढी नेली.

तिकडे दहा नंबरचं दुकान बसलं. मुन्नालालची माती गोडाऊनच्या अंगणातली, लाल मुरमाची. मॅडमनं एक मुळा उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला. "ये मिट्टी नकली लगती है. उनकी देखो, काली है." मुन्नालालच्या टोपीखालून घाम निघाला. वहीत त्याच्या नंबरापुढेही फुल्या पडायला लागल्या.

दुसऱ्या फुलीच्या रविवारी बाजार उठताना तो धुरपताबाईकडे आला. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, "बाई, तेरे तालाब की दो बोरी मिट्टी चाहिए. क्या भाव?"

धुरपताबाईनं त्याच्याकडे पाहिलं नाही. कमरेवर हात ठेवून ती बराच वेळ आभाळाकडे बघत राहिली.

"सहा रुपये किलो."

"मिट्टी? छे रुपये? अरे, तेरा बैंगन मैं तीन में लेता था!"

"वांग्याचा भाव तुमी सांगत होते, मुन्नालालजी. मातीचा मी सांगून रायली. घ्या, नाई तर रावू द्या."

मुन्नालाल तडफडला. मॅडमची गाडी अजून फाटकातच उभी होती. त्यानं खिशात हात घातला.

"ठीक है. लेकिन देख, माल ताजा होना. मिलावट नहीं चलेगी."

तेव्हा यादोराव उठला. इतके रविवार तो त्या छत्रीखाली मुक्यासारखा बसला होता, कुणी काही विचारलं की बायकोकडे बोट दाखवत होता. आज त्यानं दुपट्टा सरळ केला, छाती काढली आणि त्या बाजारात पहिल्यांदा न अडखळता बोलला.

"फिकर नका करू सेठ. सुबे पाच बजे की तोडेली हाये."